ओल्या बुटांचा कोरडा आवाज

ध्वनिमुद्रण करणारे नाना पहिल्याच टेकला ‘ओके’ म्हणाले आणि पावलंबाई बुचकळ्यात पडली. अंधाऱ्या खोलीत, लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, एक पाय पुढे टाकून ती तशीच उभी राहिली. समोरच्या पडद्यावरचा तरुण अंतराळयानाच्या लांबलचक बोळातून चालत जाऊन वळणावर दिसेनासा झाला होता. त्याच्या नऊ पावलांना तिने नऊ पावलं दिली होती आणि त्यातलं सहावं जरासं उशिरा पडलं होतं. अगदी जरासं, पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ. पण उशिरा ते उशिराच. काचेपलीकडे नाना मान खाली घालून कागदावर बरोबरची खूण करत होते. पुढचा तुकडा पडद्यावर आला, तो तरुण आता खुर्चीतून उठत होता, म्हणून ती सवयीने खुर्चीकडे वळली. पण वळताना तिला वाटलं, आपल्याला बरं नाही असं यांना वाटतंय की काय. मग वाटलं, यांनाच बरं नसेल. बावीस वर्षांत या माणसाने तिचा पहिला टेक कधी पास केला नव्हता. एकदा तिने नुसता पडदा सरकवण्याचा आवाज दिला होता, त्यात चुकण्यासारखं असं काय असणार, तर तोसुद्धा त्यांनी चार वेळा घ्यायला लावला होता. नानांनी नाक मुरडलं नाही असा आवाज अजून जन्माला यायचाय, असं सगळा स्टुडिओ म्हणायचा. त्या मंगळवारी दुपारपर्यंत मात्र त्यांनी एकामागून एक चौदा तुकडे पहिल्या फटक्यात पास केले आणि पावलंबाईला जेवण गेलं नाही.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहत असे. सिनेमा चित्रित होताना सगळ्यांचं लक्ष माणसांच्या बोलण्याकडे असतं; त्यांचं चालणं, उठणं-बसणं, बाह्यांची सळसळ, पेला टेबलावर टेकल्याचा आवाज हे सगळं नंतर कोणीतरी भरायचं असतं. ते कोणीतरी म्हणजे पावलंबाई. खोलीच्या जमिनीत निरनिराळे चौकोन होते. एक लाकडाचा, एक फरशीचा, एक सिमेंटचा, एकात खडी, एकात वाळू. भिंतीला एक दार होतं, ते कुठेच उघडत नसे, पण त्याला पाच तऱ्हांच्या कड्या आणि कुलपं होती. आणि मागच्या मांडणीवर बूट. पुरुषांचे, बायकांचे, सैनिकांचे, नर्तकींचे, टाच निघालेले, नवे करकरीत, कोणा मेलेल्या वकिलाचे. हेडफोन लावायचा, दिवा घालवायचा, पडद्यावरच्या माणसाच्या खांद्याकडे बघायचं (पायांकडे नाही, पाय फसवतात, माणूस कुठे पाऊल टाकणार ते त्याचा खांदा आधी सांगतो) आणि त्याच्याबरोबर चालायचं. या खोलीत तिला जसं वाटे तसं जगात दुसरीकडे कुठेच वाटत नसे. सुखी हा शब्द तिला जरा भारी वाटायचा, पण त्याच्या आसपासचंच काहीतरी ते होतं.

आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना तिने स्वतःच्या तोंडाने पायावर धोंडा पाडून घेतला होता. ताईच्या मुलीला मुलगी होती, चार वर्षांची; ती फारशी बोलत नाही म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी प्रश्नांची यादी काढली. मूल चवड्यांवर चालतं का? कपड्यांच्या शिवणी टोचतात का? हाक मारली तर बघतं का? ताई शेजारी बसून ऐकत होती, ती मध्येच म्हणाली, “अहो, हे सगळं तर माझ्या बहिणीचं आहे.” सगळे हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मग दोन महिन्यांनी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पावलंबाईच्या हातात सहा पानांचा कागद आला. ऑटिझम. स्वमग्नता, असं खाली मराठीत लिहिलं होतं आणि ते वाचून तिला नवल वाटलं होतं, कारण स्वतःत मग्न व्हायला तिला कधी फुरसतच मिळाली नव्हती, ती कायम दुसऱ्यांच्या बुटांत मग्न. पण कागद वाचताना बरंही वाटलं. जुन्या घरातला एखादा खटका कोणत्या दिव्याचा आहे हे वर्षानुवर्षं कळू नये आणि एक दिवस कळावं, तसं. चष्म्याचा नंबर बदलला हे सांगावं त्या सुरात तिने चहाच्या वेळी नानांना सांगितलं, “मला ते ऑटिझम आहे म्हणे.” नानांचा कप तोंडाशी गेला होता, तो तिथेच थांबला. “असं होय,” ते म्हणाले. त्यानंतर आठवडाभरात शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना कळलं, कारण नानांनी ते अभिमानाने सांगितलं. आपल्या पावलंबाईला ते आहे बरं का, ते सिनेमातल्यासारखं.

सिनेमातल्यासारखं! सिनेमात ते कसं असतं हे पावलंबाईइतकं कोणाला माहीत असणार? गेल्या दहा वर्षांत अशा पाच जणांची पावलं ती चालली होती. एकाला दूरच्या ताऱ्यावरून आलेले संदेश नुसत्या टिंबांच्या रांगेतून वाचता येत. एक मुलगी यंत्रमानवांशी बोलायची आणि माणसांशी नाही. एकाने डोळे मिटून सबंध शहराच्या विजेचा नकाशा काढला होता. हे सगळे कोणाच्या डोळ्याला डोळा देत नसत, सगळे आकडे पुटपुटत, सगळ्यांना लोक आधी हसत आणि शेवटच्या रिळात त्यांच्यापुढे मान झुकवत. मग ते जग वाचवत आणि एका मोठ्या खिडकीशी पाठमोरे उभे राहत. त्या वेळी तिला वाटायचं, बिचारा. जग वाचवून आलास खरा, पण आता जेवतोस कुठे? घरी नळ गळायला लागला तर प्लंबरला फोन कोण करणार? तिला स्वतःला प्लंबरला फोन करायचा म्हणजे दोन दिवस आधीपासून मनात वाक्यं लावावी लागत. पण या लोकांच्या घरचे नळ कधी गळत नसत; त्यांना घरंच नव्हती. आत्ताच्या सिनेमातला हा सहावा. यानाच्या इंजिनाच्या घरघरीतला एक सूर बिघडलाय हे चारशे माणसांत याला एकट्याला ऐकू येतं, आणि शेवटी हाच सगळ्यांना घरी आणतो. देखणा होता, खांदे बोलके होते. त्याच्याबरोबर चालायला तिला आवडत होतं. त्याचं काही वाकडं नव्हतं. फक्त स्टुडिओतले लोक आता त्याच्याकडे बघत आणि मग वळून तिच्याकडे बघत.

बुधवारीही तेच. ओके. ओके. ओके. कानात नानांचा तो एकच शब्द, आणि तोसुद्धा देवळात बोलावं तसा. दुपारी खडीवर चालताना तिने मुद्दाम एक पाऊल जास्तीचं टाकलं. पडद्यावर माणूस थांबला, ही चालली. “ओके,” नाना म्हणाले, मग थोडं थांबून, “सुरेख.” सुरेख! हा शब्द नानांच्या तोंडून तिने बावीस वर्षांत दोनदा ऐकला होता आणि दोन्ही वेळा तो हवेबद्दल होता. ती खडीत उभी राहिली आणि तिला थोरल्यांची आठवण आली. थोरले म्हणजे तिच्या आधी या खोलीत चालणारे म्हातारबुवा. ती चोविसाव्या वर्षी इथे बुटांच्या मांडणीची साफसफाई करायला लागली, तेव्हा त्यांनी तिला एकदा अंधारात खोली ओलांडताना ऐकलं, ऐकलं म्हणजे ऐकू आलीच नाही, आणि ते ओरडले, “कोण मांजर शिरलंय?” ती लहानपणापासून चवड्यांवर चाले. आईने रागावून झालं, टाचेला चिमटे काढून झाले, वडिलांनी जड बूट आणून दिले; जमिनीला टाच लागली की तिच्या डोक्यापर्यंत काहीतरी चमकून जाई, म्हणून ती लावत नसे, एवढंच. थोरल्यांनी कारण विचारलं नाही. त्यांनी तिच्या टाचांना खडू फासला. “या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जा. मग मला जमिनीवर खुणा दाखव.” पहिल्या दिवशी एकही खूण नव्हती. दुसऱ्या दिवशी एक, अर्धी. असं एक वर्ष. एक सबंध वर्ष ती चोवीस-पंचवीस वर्षांची बाई तान्ह्या पोरासारखी चालायला शिकत होती, आधी फडक्यावर, मग लाकडावर, मग फरशीवर. तिला स्वतःची अशी चालच नव्हती, म्हणून प्रत्येक चाल तिला मुळापासून शिकावी लागली; पोलिसाची वेगळी, गर्भारणीची वेगळी, घर सोडून निघालेल्या नवऱ्याची वेगळी. रात्री तळपाय गरम पाण्यात बुडवून बसायची. आणि आता स्टुडिओतले लोक म्हणतात, देणगी आहे हो, जन्मजात आहे. तिला एकदम राग आला. ते वर्ष कोणी उचलून नेलं? ते तर तिचं होतं. तिने खडीतून पाय काढला आणि कोणीही न सांगता तो तुकडा परत एकदा चालून दिला, नीट, पाऊल जिथे थांबायचं तिथे थांबवून. “हा पण ओके,” नाना म्हणाले. “कोणता ठेवू? तू म्हणशील तो.”

घरी ताईने दार उघडलं आणि काही विचारलं नाही. कामावरून आल्यावर अर्धा तास पावलंबाई बोलत नसे. रस्त्यावरचे भोंगे, दुकानांची शटरं, जिन्यातली भांडणं सगळं अंगावरून उतरायला तेवढा वेळ लागायचा. तो अर्धा तास दोघींनी कधी ठरवला नव्हता, तो तसाच अंगवळणी पडून गेला होता. नवरा गेल्यावर ताई इथे राहायला आली, त्याला अकरा वर्षं झाली. ती स्वभावाने बडबडी, पण तेवढा अर्धा तास ती खिडकीशी बसून मटार सोलायची, किंवा जुने स्वेटर उसवायची, आणि तिच्या हातांचा तो बारीक आवाज पावलंबाईला हवाहवासा वाटायचा. त्या दिवशी अर्ध्याचा पाऊण तास झाला. मग ती म्हणाली, “नाना माझ्या चुका काढत नाहीत.”

“मग बरंच आहे की. सुटलीस.”

“बरं नाही.”

ताईने तिच्याकडे नीट पाहिलं. “तुला शाळेत बाई मारायच्या नाहीत, ते आठवतं? सगळ्या वर्गाला मारायच्या आणि तुला सोडायच्या. तू घरी येऊन रडायचीस. आईला कळायचंच नाही, न मारल्याबद्दल पोर रडते कशाला.”

पावलंबाईला आठवत होतं. बाईंनी तिच्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. वहीसुद्धा न बघता बरोबरची खूण करून परत द्यायच्या. ‘तिला राहू दे गं, ती तशीच आहे.’ तशीच म्हणजे तेव्हा मठ्ठ आणि आता असामान्य. पण वही कोणी उघडत नाही हे दोन्हीकडे सारखंच. तिला वाटलं, हे उद्या नानांना सांगावं. मग वाटलं, कसं सांगणार? अहो, माझ्या चुका काढा, असं कोणी कोणाला सांगतं का? आणि काढल्या नाहीत तर? नानांची कुरकुर गेली तर त्या खोलीत उरतं काय? बूट, अंधार आणि ती. म्हणजे खिडकीशी पाठमोरी उभी राहायचीच बाकी. ताईने मटाराचं भांडं तिच्याकडे सरकवलं आणि ती मुकाट्याने सोलायला बसली. शेंग फुटताना होणारा आवाज ओल्या चामड्याच्या चिरण्यासारखा आहे, असं तिच्या मनात आलं आणि नाही म्हटलं तरी जरा हायसं वाटलं.

गुरुवारी दिग्दर्शक आला. तिशीतला, किडकिडीत, दाढी नीट कातरलेली, डोळ्यांखाली जागरण. माणूस भला होता, खोटं कशाला बोलावं. आल्या आल्या त्याने तिला वाकून नमस्कार केला आणि ती गोंधळून बुटांकडे बघत राहिली. “मॅडम, मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला. आमच्या सिनेमाला याहून योग्य माणूस मिळालाच नसता.” तो मांडणीकडे वळला. “हे सगळे जोड किती आहेत, तुम्हाला तर अगदी आकडा माहीत असेल!”

“नाही बुवा,” ती म्हणाली. “भांडारात वही असते. नानांना ठाऊक असेल.”

“एकशे बासष्ट,” काचेपलीकडून नाना पुटपुटले. दिग्दर्शक जरा हिरमुसला. मग खुर्ची ओढून जवळ बसला. त्याला एक विचारायचं होतं. नायकाचं चालणं घड्याळासारखं एकसारखं ठेवावं का? म्हणजे त्याच्यासारख्या लोकांचं चालणं तसंच असतं ना? पावलंबाईने विचार केला. प्रश्न खरा होता, तेव्हा उत्तरही खरं द्यायला हवं. “त्याच्यासारख्या लोकांचं मला माहीत नाही,” ती म्हणाली. “मी एकीलाच ओळखते. ती चवड्यांवर चालायची.” त्याने हे वहीत लिहून घेतलं. मग त्याने त्याच्या मनातली गोष्ट सांगितली. सिनेमाच्या अखेरीला नावं येतात, तिथे तिचं नाव एकटं, ठळक यावं आणि खाली एक ओळ: नायकाची पावलं त्याच्यासारख्याच अलौकिक व्यक्तीने चालली आहेत. अलौकिक. ताईला सांगितलं तर ती पोट धरून हसेल, आधी भाजीचे डाग पडलेला तुझा गाऊन धू म्हणेल.

मग झालेलं काम लागोपाठ बघायला ते बसले. तुकडे कामाला येतात ते मिळतील तसे, मागचे पुढे आणि पुढचे मागे. सलग असं ते पहिल्यांदाच बघत होते. यानाची पाण्याची टाकी फुटते. तळघरात गुडघाभर पाणी. तो तरुण त्यातून चालत जातो, शिडीला हात घालतो, वर चढतो, आणि लांबलचक बोळातून नऊ पावलं टाकत वळणावर दिसेनासा होतो. टक, टक, टक, टक. नऊच्या नऊ पावलं खडखडीत कोरडी. पावलंबाईने ओळखलं. मंगळवारचा तो तुकडा. त्याचा पोशाख काळा होता, ओला असला तरी कळला नसता. पाण्याचं दृश्य त्या दिवशी आलेलंच नव्हतं. सहावं पाऊल उशिरा पडलं म्हणून ती दोन दिवस मनाला लावून घेत होती आणि इथे नऊ पावलांचे बूटच चुकले होते. तिने नानांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते, निवांत.

“थांबवा, थांबवा!” दिग्दर्शक उभाच राहिला. “हे... हे तुम्ही कोरडं ठेवलंत?” त्याने पडद्याकडे बोट केलं. “गुडघाभर पाण्यातून आलाय तो, आणि त्याचे बूट कोरडे वाजतायत. म्हणजे पाणी त्याला शिवलंच नाही! तो आपल्या जगात चालतच नाहीये, त्याचं जगच वेगळं आहे. आम्हाला हे शंभर वर्षांत सुचलं नसतं, मॅडम.”

“मलाही तेच वाटलं,” नाना म्हणाले आणि त्यांनी मान डोलावली.

खोटं कशाला सांगा, चार-पाच क्षण तिला बरं वाटलं. इतकी शाबासकी एकदम तिला कोणी दिलीच नव्हती. गप्प बसली असती तर खपून गेलं असतं. उद्या कोणीतरी त्यावर लेखही लिहिला असता. पण मग तिच्या ध्यानात आलं की आजपासून तिला चुकताच येणार नाही. बूट उलटे घातले तरी अर्थ निघेल. खडीवर झोपली तरी सुरेख. ज्या कामात चुकता येत नाही ते काम कसलं, तो नुसता चमत्कार; आणि चमत्काराशेजारी कोणी चहा प्यायला बसत नाही.

“ती चूक आहे,” ती म्हणाली.

“नाही हो मॅडम. तुम्हाला वरवर तसं वाटत असेल, पण आतून...”

“आतून नाही नि बाहेरून नाही. बूट ओले आहेत हे मला माहीतच नव्हतं. तुकड्यांचा कागद नानांकडे असतो.” तिने मान वळवली. लोकांच्या डोळ्यांत बघणं तिला जड जाई, पण त्या वेळी तिने काचेतून सरळ पाहिलं. “नाना, तुमच्या कागदावर लिहिलं होतं ना, पाण्यातून आल्यावर म्हणून?”

“होतं.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

नानांनी कागदाची घडी घातली, उलगडली. “मला वाटलं, तुला काहीतरी ऐकू येत असेल जे आम्हाला येत नाही. आपण कोण मध्ये बोलणारे?”

“तुम्हीच!” ती उठून म्हणाली, आणि आपला आवाज चढलाय हे तिला ऐकू आलं. “बावीस वर्षं मध्ये कोण बोलतंय? मला काही वेगळं ऐकू येत नाही. मी चुकते आणि तुम्ही सांगता, मी परत करते आणि तुम्ही परत सांगता, असं करत करत ते बरोबर होतं. मला एकटीला काही येत नाही. तुम्ही सांगायचं बंद केलंत तर मी उद्यापासून येणार नाही.” हे ती ठरवून बोलली नव्हती. बोलून गेल्यावर ती खुर्चीत बसली. खुर्ची करकरली, ती करकरण्यासाठीच ठेवलेली होती.

दिग्दर्शक दोघांकडे आळीपाळीने बघत होता. “पण मॅडम,” तो हळूच म्हणाला, “आमचा नायक तर कधीच चुकत नाही.”

“म्हणून तर त्याच्याशेजारी कोणी बसत नाही. त्याच्याबरोबर करणार काय? लांबून बघायचं फक्त.”

त्याने पडद्याकडे पाहिलं. “म्हणजे मी सिनेमाच चुकीचा केलाय का?”

“ते मला माहीत नाही,” पावलंबाई म्हणाली. “बूट चुकलेत. आणि ती ओळ नको मला. नाव द्या, पुढे पावलं असं लिहा. माझं मला चालायला शिकायला एक वर्ष लागलंय. ते लिहायला तुमच्याकडे जागा नसेल तर निदान फुकटात मिळालं असं तरी लिहू नका.”

त्याने वहीतलं एक पान टरकावलं, चुरगळलं, आणि एवढंच म्हणाला, “मी जरा इथे बसू का? बघत?” तिने जमिनीवरच्या सतरंजीकडे बोट दाखवलं.

मग तिने घमेलं भरून आणलं. काळे लांब बूट पाण्यात बुडवले, ओतले, परत बुडवले, आत फडक्याच्या घड्या कोंबल्या आणि पाय घातले. गार पाणी बोटांच्या बेचक्यांतून वर आलं. एरवी ओला मोजा म्हणजे तिला नरकयातना, पण कामातला ओला मोजा वेगळा. दिवा गेला. बोळ आला. ती चालली. नऊ पावलं, पचक पचक. कानात काहीच आलं नाही. नाना विचार करत होते. “जरा...” ते म्हणाले, “जरा जास्त ओलं वाटतंय का? म्हणजे मला आपलं वाटलं.” तिने एक घडी काढली. परत. “आता डावा कोरडा पडला.” परत. “अगं, शिडी चढून आलाय तो, निम्मं पाणी शिडीवरच गळलं असणार. पहिली तीन भरलेली, मग कमी कमी.” हे तिला पटलं नाही. पाणी शिडीवर गळतं ते विजारीतलं, बुटातलं नाही, बुटातलं बुटातच राहतं, ती म्हणाली. तू कधी चढली होतीस पाण्यातून शिडी, नाना म्हणाले. तुम्ही चढला होतात का, ती म्हणाली. सातव्या टेकला नाना उभे राहून काचेवर बोटं वाजवू लागले. नवव्याला त्यांनी सहावं पाऊल उशिरा पडल्याचं धरलं आणि पावलंबाईला इतकं बरं वाटलं की दहाव्याला ती पहिलंच पाऊल चुकली. “लक्ष कुठे आहे? ताईच्या मटारात?” सतरंजीवर दिग्दर्शक हनुवटी गुडघ्यांवर टेकून बसला होता. घमेल्यातलं पाणी सिमेंटच्या चौकोनावर पसरत त्याच्या पायांपर्यंत गेलं, तरी तो हलला नाही. चौदाव्या टेकला नऊ पावलं ओल्या बुटांची, थकलेल्या, घाबरलेल्या, अंगावर कपडे चिकटलेल्या एका साध्या माणसाची वाजली. पडद्यावरचा देखणा तरुण पहिल्यांदाच थंडी वाजत असल्यासारखा दिसला. “हा घ्या,” नाना म्हणाले. “वाईट नाही.”

दिग्दर्शक चहा सांगायला बाहेर गेला तेव्हा नाना काचेपलीकडून उठून तिच्या खोलीत आले. ते सहसा इकडे येत नसत. ओल्या जमिनीवरून जपून पावलं टाकत ते खुर्चीपर्यंत पोचले आणि बसले नाहीत, कारण खुर्ची करकरते. “एक सांगायचं राहिलं,” ते म्हणाले. “नुसतं ते ऐकू येण्याचं नव्हतं. मी पेपरात वाचलं. तुमच्या... म्हणजे या लोकांना मोठा आवाज सोसत नाही म्हणे. डोक्यात घण बसतात. आणि मी बावीस वर्षं तुझ्या कानात ओरडतोय. मालक म्हणतात, नाना, तुमचं ओरडणं फाटकापर्यंत येतं. घरी बायको म्हणते. मला दोन रात्री झोप नाही. म्हटलं, आता या बाईला एक शब्द मोठ्याने बोलायचा नाही. बोललो की ओरडणार, म्हणून बोलणंच नको.” त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. “कसं सोसलंस गं?”

पावलंबाई बुटातून पाय काढत होती. ती थांबली. या माणसाच्या चेहऱ्याकडे आता बघायला हवं असं तिला वाटलं, म्हणून तिने त्यांच्या कानाकडे पाहिलं, ते तिला जमे.

“सोसायचंय काय त्यात? हेडफोनच्या डबीला बटण आहे ना. पहिल्याच दिवशी मी ते पार खाली केलं.”

“पार खाली?”

“अगदी शेवटचं एक घर ठेवलंय. तुमचं सगळं येतं मला, पण हळू येतं. कुजबुजल्यासारखं.” तिने मोजा पिळला. “मला तर वाटायचं, लोक उगाच तुम्हाला नावं ठेवतात. इतकं हळू बोलणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही.”

नानांच्या पोटातून काहीतरी गदगदत वर आलं आणि ते इतक्या मोठ्याने हसले की पाच कड्यांचं दार थरथरलं. पावलंबाईने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तीही हसली. चहा आला, झाला. नाना आपल्या जागी गेले, तिने कोरडे बूट घातले, दिवा गेला. पुढचा तुकडा येईपर्यंत तिने डबीवरचं बटण चाचपलं आणि, आज एवढं झालंय तर, म्हणून ते एक घर वर सरकवलं. “चला!” नाना म्हणाले. तिने बटण पुन्हा खाली केलं आणि चालायला लागली.